पुरा हुकूम पाळणारे नाकेदार

वयाच्या अकराव्या वर्षी मी माझ्या सख्ख्या आईला सरकारदरबारी परकी बाई म्हणून लिहून दिलं. मला कुणी दटावलं नव्हतं की गूळ दाखवला नव्हता. शाळेत पाढे म्हणायला उभी राहायचे तशी आपणहून उभी राहिले आणि सांगितलं. वर्गात माझा पहिला नंबर होता, हे त्याचं कारण. वर्गात मुली चारच होत्या, हे मी तेव्हा कुणाला सांगत नसे. आजही जरा दबक्या आवाजातच सांगते.

ते ज्यांनी लिहून घेतलं ते आमच्या गावचे नाकेदार. खरं तर त्यांच्याविषयीच लिहायला बसलेय, पण माझ्या मूर्खपणाला वळसा घालून त्यांच्यापर्यंत पोचता येत नाही. मी दोनदा प्रयत्न करून पाहिला.

आमचं गाव अणदूरच्या पश्चिमेला, ओढ्याकाठी. ओढ्याच्या अलीकडं निजामाचं राज्य, पलीकडं इंग्रजांचं. बायका निजामाच्या दगडावर धुणं आपटायच्या आणि इंग्रजांच्या बाभळींवर वाळत घालायच्या. सोलापूरकडं जाणाऱ्या सडकेवर एक आडवा बांबू, त्याच्या एका टोकाला धोंडा बांधलेला, शेजारी पत्र्याची खोली. हा नाका. मालावर जकात घ्यायची आणि येणाऱ्याजाणाऱ्या माणसांवर नजर ठेवायची, एवढं काम. खोलीमागं नाकेदारांचं घर, घरात चाची, आणि दाराशी एक बकरी.

नाकेदार म्हणजे उंच, वाळलेला माणूस. चष्म्याची एक काडी केव्हाच तुटलेली, तिच्या जागी काळा दोरा कानाला गुंडाळलेला. विचार करायचा असला की ते दोरा सोडायचे आणि परत बांधायचे. बोलायचे मराठीच, पण राग आला किंवा माया आली की दखनीत घसरायचे. त्यामुळं दखनी ऐकू आली की आपल्यावर नेमकं काय आलंय ते आधी ताडावं लागायचं.

बांबूपाशी आलेल्या प्रत्येकाला ते तीन प्रश्न विचारायचे. कुठून आलात? कुठं चाललात? जेवलात का? पहिले दोन सरकारच्या पुस्तकातले, तिसरा त्यांचा स्वतःचा. नाही म्हणणाऱ्यासाठी चाचीकडून भाकरी आणि अंबाडीची भाजी यायची, आणि खाऊन होईपर्यंत बांबू वर जायचा नाही. एकदा सोलापूरचा एक कापडवाला लई चिडला. म्हणाला, "साहेब, मला उशीर होतोय."

"हौ," नाकेदार म्हणाले, "तो जल्दी खाओ."

बकरीचं तर गावभर हसं व्हायचं. ती रोज सकाळी ओढा ओलांडून इंग्रजांच्या बाभळी खायला जायची आणि उन्हं कलली की परतायची. नाकेदार वहीत लिहायचे: बकरी गेली. बकरी आली. पाटलांनी एकदा टोमणा मारला, तर म्हणाले, "दुसऱ्याची असती तर लिवलं असतं न्हवं? मग माझी हाय म्हणून सोडू?" पुढं ती बकरी पलीकडंच व्याली आणि दोन करडं घेऊन ओढ्यात उभी राहिली. निजामाच्या मुलुखात जन्मला तो मुलकी, बाहेर जन्मला तो गैरमुलकी, असा कायदा. आई मुलकी आणि लेकरं गैरमुलकी! नाकेदारांनी सकाळपासून दुपारपर्यंत सगळं पुस्तक चाळलं, दोरा चारदा सोडला-बांधला, आणि मग बांबू वर केला. "दूध पीते बच्चे कू माँ से तोड़ने का हुकूम इस में कहीं नै," असं म्हणून वहीत 'आली'पुढं तीनचा आकडा लिहिला. बकरी बिचारी बांबूखालूनच जात असे, तो वर करायची काही गरज नव्हती, हे त्यांना सांगायची कुणाची छाती झाली नाही.

लोक त्यांना तऱ्हेवाईक म्हणायचे. मीही म्हणायचे, कारण लोक म्हणायचे. आता या वयात वाटतं, त्या माणसाचं एकच वेड होतं. ते वरून आलेला हुकूम मोठ्यानं तीनदा वाचायचे, शेवटच्या ओळीपर्यंत, आणि मग तो सगळा पाळायचे. "अर्धा हुकूम पाळला की जुलूम होतो," ते म्हणायचे. "पुरा पाळला की सरकारला कळतं आपण काय लिवलंय ते."

मोठी लढाई चालू होती तेव्हाची ही गोष्ट. धान्य मिळेना. पिकलेल्यातलं सरकार उचलून न्यायचं, उरलेलं पुरायचं नाही. चावडीवर बसलेल्यांना कारण सापडलेलं होतं: बाहेरचे लोक. ओढ्यापलीकडून माणसं येतात, आपलं खातात, आणि सरकार झोपलंय. पाटील तर रोज म्हणायचे, "एक बांबू हाय म्हणून राज्य हाय म्हणायचं. धरून धरून वड्यापल्याड घालवाया पायजे एकेकाला." घरोघरी हेच बोलणं. आमचे वडील गरीब स्वभावाचे, पण तेही भाकरी मोडता मोडता म्हणायचे, "कायदा कडक पायजे." आई म्हणायची, "वाढू का अजून?"

आता गावात बाहेरचं म्हणावं असं होतं कोण? एक टाकारीण. जातं झिजलं, पीठ जाडंभरडं पडायला लागलं की त्याला छिन्नीनं टाकी लावून द्यायची, हा तिचा धंदा. गावाच्या कडेला तिचं पाल, कडेवर दोन वर्षांची पोर. गाव तिला टाकारीण म्हणायचं. तिचं नाव शेवंता आहे हे फक्त आमच्या घरात ठाऊक होतं, कारण आमच्या अंगणात टाकी लावताना तिनं एकदा आईला सगळं सांगितलं होतं. पलीकडच्या इलाख्यात तिच्या जातीला जन्मल्यापासून चोर धरायचे. सोलापूरकडं तारेच्या कुंपणात वस्ती करून ठेवायचे, सकाळ-संध्याकाळ हजेरी. नवरा तिथंच तापानं गेला. पोरीची हजेरी सुरू व्हायच्या आत ती तिला घेऊन निसटली आणि ओढा उतरून आली. नाक्यावर तिला तिसरा प्रश्न आधी विचारला गेला, असं ती सांगायची. आई ऐकताना रडली. मी दाराआड उभी राहून ऐकलं, आणि माझं डोकं तल्लख असल्यामुळं सगळं ध्यानात ठेवलं.

मग तो हुकूम आला. मुलुखाबाहेर जन्मून इथं येऊन राहिलेल्यांची यादी करा, आठ दिवसांत त्यांना हद्दीबाहेर घाला. नाकेदारांनी चावडीवर सगळ्यांना बोलावून हुकूम वाचला. एकदा वाचल्यावरच पाटलांनी मांडीवर थाप मारली. "आता कसं! जागं झालं बगा सरकार." लोक खूश. दुसऱ्यांदा वाचताना निम्मे बोलत होते, तिसऱ्यांदा वाचताना कुणीच ऐकत नव्हतं.

"सांगा," नाकेदार म्हणाले. "कोण हाय बाहेरचं?"

प्रत्येकाच्या घरात जातं होतं. टाकारीण जावी असं सगळ्यांनाच वाटत होतं, पण ते आपल्या तोंडून निघू नये असंही वाटत होतं. जो तो आपल्या पायाचा अंगठा बघत बसला. मोठ्या माणसांना उत्तर येत नाहीये, असं मला वाटलं.

मी उभी राहिले. दोन वेण्या, नाकावर शाईचा डाग, आणि आवाज खणखणीत.

"टाकारीण! शेवंता तिचं नाव. वड्याच्या पल्याडची हाय. तारेतनं पळून आलीय. मला ठाऊक हाय."

"शाब्बास!" पाटील म्हणाले. "मास्तराचं शिकवणं वाया न्हाय गेलं."

मी जी फुगले! नाकेदारांनी माझ्याकडं पाहिलं, दोरा सोडला, बांधला. टाकारणीचं नाव यादीत पहिलं लिहिलं. मग म्हणाले, "पोरी, तुला कायदा चांगला येतो. वड्यापल्याड जन्मला आणि इथं येऊन राहिला, तो कोण?"

"गैरमुलकी."

"पक्कं?"

"पक्कं!"

"तेरी अम्मा किधर की गे?"

"बोरामणीची," मी म्हणाले, तेही अभिमानानं. बोरामणी पलीकडच्या इलाख्यात, हे माझ्या हुशार डोक्यात शिरेपर्यंत त्यांनी टाक दौतीत बुडवला होता.

वडील उठून उभे राहिले. "अवो नाकेदारसाब, ती माझी बायको हाय."

"इथं येऊन राहिलीय न्हवं?"

"राहिलीय की!"

"मंग बराबर लिवलं."

त्यानंतर त्यांना थांबवणं कुणाच्या हातात राहिलं नाही. हद्दीवरचं गाव आमचं; मुली पलीकडं द्यायच्या आणि पलीकडच्या करून आणायच्या, ही पिढ्यान् पिढ्यांची रीत. पाटलांची सून मुस्तीची. लिहा. सुताराची आई, आमची आजी, शिंप्याच्या दोन्ही सुना. उन्हं उतरेपर्यंत निम्म्याहून जास्त गावाच्या चुली त्या यादीत आल्या. शेवटचं नाव नाकेदारांनी कुणी न सांगता लिहिलं: स्वतःच्या बायकोचं. चाचीचं माहेर सोलापूर.

चाचीनं त्या दिवशी चूल पेटवली नाही. नाकेदार जेवायला बसले तर म्हणाली, "मैं तो बाहर की. बाहर की औरत के हात का कैसा खाते जी?" पुढं आठवडाभर नाक्यावर तिसऱ्या प्रश्नाला नाही म्हणणाऱ्याला भाकरीऐवजी फुटाणे मिळायचे.

पुरुषांना वाटलं, बायका रडतील, पाया पडतील. बायकांनी गाठोडी बांधली. आमच्या आईला चार दिवस माहेरी राहून किती वर्षं झाली होती, ते तिनं त्या संध्याकाळी वडिलांना पहिल्यांदा मोजून दाखवलं. सकाळी नाक्यापुढं हीऽ रांग! आई पुढं झाली. "नाकेदारसाब, गाडी सरकारी का आपली आपण करायची?"

"हुकमात गाडी न्हाय, ताई."

"मग चालत जातू. कवा सोडता?"

माझी आजीही काठी टेकत आली होती. तिला आई म्हणाली, "आत्याबाई, तुमच्या माहेरी आता हाय कोण?"

"कुणी का असंना," आजी म्हणाली. "सरकार सोडतंय न्हवं?"

त्या सगळ्या गमतीत एकटी टाकारीण रांगेच्या शेवटी, पोरीला पदराखाली घेऊन उभी होती. तिनं गाठोडं बांधलेलं नव्हतं. ओढ्यापल्याड तिची वाट बघणारं होतं ते तारेचं कुंपण. मी तिच्याकडं बघितलं आणि मग अख्खा आठवडा तिच्या पालावरून जायची वाट सोडून दिली. शाळेला उकिरड्यामागून जायला लागले.

मुदत संपेपर्यंत तरी थांबा म्हणून बायकांना कसंबसं परत नेऊन गावातले कर्ते पुरुष नाकेदारांकडं गेले. पाटील तावातावानं म्हणाले, "ह्याला राज्य चालवणं म्हणत्यात व्हय? सून कुठं परकी आसती?"

"हुकमात सून हा शब्द न्हाय."

"अवो, आमी म्हनलं ते चोराचिलटाला घालवा म्हणून. आमच्या बायकास्नी कोण घालवा म्हनलं?"

"पाटील, तुमी रोज म्हनायचा एकेकाला धरून घालवा," नाकेदार म्हणाले. "म्या एकेकाला धरलं." आणि मग, चिडून की मायेनं ते सांगता येणार नाही, "मैं तीन बार पढ़ा मियाँ. तीसरी बार सुने क्या कोई?"

शेवटची ओळ कुणीच ऐकली नव्हती. यादीतली माणसं आमची आहेत असा महजर, म्हणजे सगळ्या गावाची लेखी साक्ष, गावानं लिहून दिला, सगळ्यांनी सह्या-अंगठे केले, तर त्यांना राहू द्यावं, असं तिथं स्पष्ट होतं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पाटलांनी लगेच टाक मागितला. नाकेदारांनी यादी पुढं ठेवली. वर पहिलं नाव: शेवंता टाकारीण.

"हे खोडा," पाटील म्हणाले.

"खोडलेला कागद तालुक्याला चालत न्हाय."

"मग दुसऱ्या कागदावर लिवा."

"लढाईमुळं तालुक्याहून कागद मोजून येतोय. यादी एक, महजर एक."

"मग खाली लिवा, पयलं नाव सोडून."

"हुकमात सोडून न्हाय."

पाटील उठून गेले. चोराच्या जातीला जामीन राहायला ते काही तयार नव्हते, आणि पाटील नाहीत म्हटल्यावर बाकीचेही नव्हते. नाकेदारांनी कुणाला समजावलं नाही. टाकारणीची बाजू घेऊन ते एक शब्द बोलले नाहीत. कागदावर दगड ठेवून खोलीत बसून राहिले आणि फुटाणे खात राहिले. मुदत संपत आली.

सातव्या दिवशी पाटलांची सून गाठोडं डोक्यावर घेऊन खरोखरच नाक्यावर आली. मागं पाटलांचा मुलगा, रडवेला.

"कुठून आलात?" नाकेदारांनी विचारलं.

"पाटलाच्या वाड्यातनं."

"कुठं चाललात?"

"मुस्तीला. माहेरी."

"जेवलात का?"

"सगळ्यास्नी वाढून आले. शेवटचं," ती म्हणाली.

नाकेदारांनी वहीत लिहिलं आणि बांबू वर केला. ती ओढ्यात उतरली, पलीकडं चढली, आणि मागं वळून बघितलं नाही. सगळं गाव ओढ्याच्या काठावर उभं राहून बघत होतं. आता हे नाटक राहिलं नव्हतं. पाटील धावत आले, धापा टाकत कागदावर सही केली, आणि त्यांच्यामागं सगळ्यांनी. तरी सून परत यायला चार दिवस लागले. आलेच आहे तर राहून घेते, असा तिनं निरोप पाठवला होता.

पण गोष्ट तिथं संपली नाही, कारण तालुक्याचा साहेब आला. यादी एवढी मोठी आणि हद्दीबाहेर कुणीच नाही, हे त्याला पटेना. चावडीवर खुर्ची टाकून बसला. नाकेदारांनी महजर पुढं केला. साहेबानं पहिल्या नावावर बोट ठेवलं आणि पाटलांना विचारलं, "ही बाई तुमच्या गावची?"

नाकेदार समोर भिंतीकडं बघत उभे होते. दोरा सुटून खांद्यावर लोंबत होता. तो बांधायचं त्यांना सुचलं नाही. मी त्यांना घाबरलेलं तेवढं एकदाच पाहिलं. आणि खरं सांगते, त्याही क्षणी माझ्या जिभेला खाज सुटली होती. प्रश्न विचारलाय, उत्तर मला येतंय! आईनं माझ्या तोंडात गुळाचा एवढा मोठा खडा कोंबला की मला नाकानं श्वास घ्यावा लागला.

पाटलांनी टाकारणीकडं बघितलं. ती खाली बसलेली, पोर मांडीवर.

"व्हय," पाटील म्हणाले. "आमचीच."

"कधीपासून?"

"आमच्या घरचं पीठ बारीक पडतंय तवापासून, साहेब."

साहेबानं पाटलांकडं बघितलं, मग नाकेदारांकडं. शेवटी महजरावर शिक्का मारला आणि चहा मागवला.

पुढच्याच वर्षी नाकेदारांची बदली परंड्याकडं, सोनारीच्या वाटेवरच्या नाक्याला झाली. बढती नव्हती. गाडीत ट्रंक, चाची, बकरी आणि तिची करडं. बांबूपाशी गाडी थांबवून ते खाली उतरले आणि वहीत स्वतःचं नाव लिहिलं: गेला. त्यानंतर ते मला दिसले नाहीत. काही वर्षांनी राज्यच गेलं, बांबू कुणीतरी गोठ्याला नेला. त्या दिवसांत नाकेदारांच्या धर्माच्या पुष्कळ माणसांना, तुम्ही कुठले, असं दरडावून विचारलं गेलं. त्यांनाही कुणी विचारलं असेल. त्यांच्यासाठी कुठल्या गावानं महजर लिहून दिला की नाही, हे मला ठाऊक नाही. खूप जणांना विचारून झालं.

साहेब येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी टाकारीण आमच्या अंगणात जात्याला टाकी लावायला आली. आईनं मुद्दाम बोलावलं होतं आणि मला मुद्दाम घरात ठेवलं होतं. मी तिच्यापुढं जाऊन उभी राहिले. वर्गात पहिला नंबर असलेल्या मुलीला एक वाक्य जुळवता येईना. शेवटी म्हणाले, "माझं चुकलं. म्या तुमचं नाव सांगितलं."

तिनं छिन्नी थांबवली नाही. ठिणग्या उडत होत्या. मान खाली घालूनच ती म्हणाली:

"चुकलं कशाला? समद्या गावात खरं बोललीस ती तू एकलीच. बाकी समद्यांनी अंगठं लावून खोटं सांगितलं, म्हणून म्या अन् माझी पोर तारेच्या भायेर हावोत. आता ही जात्याची तळी धर दोन्ही हातांनी, अन् हलू नगंस."